सिटी स्कॅनमध्ये अचानक सापडलेली थायरॉईडची गाठ: कॅन्सर आहे की नाही, हे कशावरून ठरतं?

कोरोनाच्या दोन वर्षांत 'एचआरसीटी' (छातीचा बारकाईचा सिटी स्कॅन) आणि त्याचा 'स्कोर' हे शब्द विदर्भातल्या गावागावांत पोचले. त्याआधी सिटी स्कॅन म्हणजे डोक्याला जबर मार लागल्यावर नागपूरला नेऊन करायची तपासणी, अशीच अनेकांची समजूत होती. आता जिल्ह्याच्या ठिकाणी तो सहज होतो. खोकला लांबला, मोटारसायकलवरून पडून मान आखडली, लकव्याचा झटका आला, की डॉक्टर सिटी काढायला सांगतात. ज्या कारणासाठी काढला त्याचं उत्तर रिपोर्टमध्ये वरच मिळतं. पण कधीकधी अगदी खाली एक ओळ असते, जिचा मूळ दुखण्याशी काही संबंध नसतो: थायरॉईडच्या उजव्या भागात अमुक मिलिमीटरचा 'हायपोडेन्स नोड्यूल', सोनोग्राफी करून खात्री करावी.

घरातलं शिकलेलं पोर ती ओळ मोबाइलवर शोधतं आणि दोन मिनिटांत 'कॅन्सर' हा शब्द सगळ्यांसमोर येतो. "मले तं काईच त्रास नाही, मंग हे गाठ आली कोठून?" असं ज्याची गाठ तो विचारत राहतो. पुढे काही घरं त्याच आठवड्यात उसने पैसे घेऊन मोठ्या शहराची गाडी पकडतात. काही जण रिपोर्ट घडी करून कपाटात टाकतात आणि विसरतात. काही जण सहा महिन्यांनी पुन्हा तोच सिटी काढतात, गाठ वाढली का ते बघायला. या तिन्ही वाटा मला चुकीच्या वाटतात, आणि तिन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: सिटीत गाठ दिसली म्हणजे ती कसली आहे हेही सिटीला दिसलं. प्रत्यक्षात सिटी स्कॅन गाठ आहे एवढं सांगतो, किती मोठी आणि कुठवर गेली तेही सांगतो. ती कॅन्सरची आहे का, हे मात्र बहुतेक वेळा त्याला सांगता येत नाही.

थायरॉईड आणि तिच्यातल्या गाठी

गळ्याच्या खालच्या भागात, श्वासनळीला पुढून आणि दोन्ही बाजूंनी बिलगून थायरॉईड ही ग्रंथी असते. जेवणातलं आयोडीन ओढून घेऊन ती संप्रेरकं बनवते. शरीराचा सगळा वेग त्यांच्यावर चालतो. वय वाढतं तशा या ग्रंथीत गाठी होतात. काहींमध्ये नुसतं पाणी असतं, काहींमध्ये ग्रंथीनेच बनवलेला चिकट द्रव साठलेला असतो, काही म्हणजे ग्रंथीच्या पेशींची साधी वाढ. डॉक्टर या सगळ्यांनाच नोड्यूल म्हणतात. या शब्दात चांगलं-वाईट काहीच आलेलं नसतं.

आणि या गाठी किती सर्रास असतात, हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते. हाताने चाचपून बघितलं तर शंभर बायकांत साधारण पाच जणींना आणि शंभर पुरुषांत एखाद्याला गाठ लागते. त्याच लोकांच्या गळ्यावर सोनोग्राफी फिरवली तर कितीतरी जास्त, काही पाहण्यांत तर निम्म्यांहूनही जास्त जणांच्या ग्रंथीत काही ना काही सापडतं. छातीच्या किंवा मानेच्या सिटीत शंभरातल्या पंधरा-सोळा जणांना अशी गाठ दिसू शकते. अचानक सापडलेल्या या गाठींपैकी कॅन्सरच्या निघतात त्या फार थोड्या, दहातली एखादी किंवा त्याहून कमी.

जुन्या पिढीला गळ्याची गाठ म्हटलं की गलगंड आठवतो. मिठात आयोडीन घालायची मोहीम त्यासाठीच उभी राहिली. राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. त्या काळी गाठ डोळ्यांना दिसेपर्यंत कोणी डॉक्टरकडे जात नसे. आता डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी मशीनला दिसते.

सिटीत ही गाठ काळी का दिसते?

सिटी स्कॅन म्हणजे शरीराभोवती फिरणारा क्ष-किरणांचा झोत आणि त्यावरून संगणकाने रचलेले आडवे काप. गॉडफ्री हाउन्सफिल्ड या इंग्रज अभियंत्याने हे मशीन घडवलं. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये हाउन्सफिल्डना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. कापातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो: पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, स्नायूंना चाळीस-पन्नास. निरोगी थायरॉईडचा आकडा मात्र ऐंशी-शंभरच्या घरात जातो, कारण तिच्यात साठलेलं आयोडीन. आयोडीन जड मूलद्रव्य असल्याने क्ष-किरण अडवतं, आणि म्हणून कुठलंही औषध न टोचता काढलेल्या सिटीतही थायरॉईड आजूबाजूच्या मांसापेक्षा पांढरी उठून दिसते.

गाठीतल्या पेशी ग्रंथीइतकं आयोडीन साठवत नाहीत. त्यामुळे त्या पांढऱ्या ग्रंथीत तेवढा भाग काळपट दिसतो. 'हायपोडेन्स' या शब्दाचा सगळा अर्थ एवढाच: शेजारच्यापेक्षा काळा. पाण्याची गाठ काळी दिसते, साधी वाढ काळी दिसते आणि कॅन्सरही काळाच दिसतो. रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टने काही लपवलेलं नसतं; त्याला जेवढं दिसलं तेवढंच त्याने लिहिलेलं असतं.

"एवढं महागडं मशीन, मग त्याला कसं कळत नाही?"

आपल्याकडे प्रत्येक कापूसवाल्याला गुलाबी बोंडअळी माहीत आहे. बांधावरून बघितलं तर शेत हिरवंगार आणि बोंडं भरलेली. जवळ जाऊन बोंड हातात घेतलं तरी अळी आत शिरल्याचं भोक बुजलेलं असतं. म्हणून कृषी विभाग शेतातली काही हिरवी बोंडं तोडून, फोडून बघायला सांगतो. फोडल्याशिवाय नक्की कळत नाही. गळ्यातल्या गाठीसाठी सिटी म्हणजे बांधावरची नजर. शेत किती मोठं, कुठे काय उभं आहे, शेजारच्या धुऱ्यापर्यंत काय गेलं आहे, हे तिथून छान दिसतं. सोनोग्राफी म्हणजे पिकाच्या तासात उतरून बोंड हातात धरून निरखणं. आणि सुईची तपासणी म्हणजे बोंड फोडणं. बांधावरून पाहणाऱ्याची नजर कितीही तेज असली तरी आतली अळी त्याला दिसणार नाही. मशीनची किंमत इथे कामाची नाही, कुठून बघतो ते महत्त्वाचं.

आता खरं तांत्रिक कारण. थायरॉईडच्या सगळ्यात सर्रास कॅन्सरमध्ये, त्याला पॅपिलरी म्हणतात, चुन्याचे एक मिलिमीटरपेक्षाही बारीक कण असतात. गाठीची कड वेडीवाकडी असते. गाठ आडवी पसरण्याऐवजी उभी वाढलेली असते. थायरॉईड कातडीखाली जेमतेम एक-दोन सेंटिमीटरवर असल्याने सोनोग्राफीच्या उच्च वारंवारितेच्या ध्वनिलहरींना हे बारकावे स्वच्छ दिसतात. सिटीत मात्र अनेकदा पाच-पाच मिलिमीटरचे जाड काप जोडून चित्र बनवलेलं असतं. त्यात खांद्यांची दोन जाड हाडं नेमकी त्याच पातळीवर आडवी येतात आणि गळ्याच्या खालच्या भागात चित्रावर रेघा आणि दाणे उमटतात. बारीक चुनखडीचे कण त्यात हरवून जातात. मोठे चुन्याचे खडे सिटीत ठळक दिसतात खरे, पण ते वर्षानुवर्षांच्या साध्या गलगंडातही असतात आणि कॅन्सरमध्येही, म्हणून एकट्या खड्यांवरून निकाल लावता येत नाही.

सिटीत काय दिसलं तर गांभीर्याने घ्यायचं

याचा अर्थ सिटीतलं सगळंच निरर्थक असं कोणी समजू नये. काही गोष्टी सिटीला सोनोग्राफीइतक्याच, कधी तिच्यापेक्षाही चांगल्या दिसतात आणि त्या दिसल्या की गाठीचा आकार कितीही लहान असो, पुढची तपासणी लगेच व्हायला हवी.

पहिली गोष्ट मानेतल्या लसिका ग्रंथी. आपण ज्यांना अवधाण म्हणतो, त्याच गाठी. थायरॉईडच्या कॅन्सरची पहिली धाव बहुधा तिकडेच असते. त्यांच्यात चुन्याचे कण, पाण्याच्या पोकळ्या किंवा रंगद्रव्य (कॉन्ट्रास्ट) टोचल्यावर जास्तीची चमक दिसली तर संशय पक्का होतो. दुसरी गोष्ट, गाठ ग्रंथीची हद्द ओलांडून श्वासनळीत, अन्ननळीत किंवा स्नायूंत घुसलेली दिसणं. रिपोर्टमध्ये 'इन्व्हेजन' किंवा 'सस्पिशियस लिम्फ नोड्स' असे शब्द असतील तर ते वाचून डॉक्टरला मुद्दाम दाखवावेत. आणखी एक: दुसऱ्या एखाद्या कॅन्सरसाठी नागपूरला पेट स्कॅन (शरीरात जास्त साखर ओढणारे भाग चमकताना दाखवणारा स्कॅन) झाला असेल आणि त्यात थायरॉईडमध्ये एकच ठिपका चमकताना आढळला, तर अशा ठिपक्यांपैकी साधारण एक तृतीयांश कॅन्सर निघतात. तो दुर्लक्ष करण्यासारखा नसतो.

वय आणि आकार

यातलं काहीच नसेल, नुसती एक गाठ असेल, तर काय? यावर अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या समितीने २०१५ मध्ये एक सोपा नियम मांडला आणि आपल्याकडचे अनेक रेडिओलॉजिस्टही तो वापरतात. वय ३५ पेक्षा कमी असेल आणि गाठ १ सेंटिमीटर किंवा मोठी असेल, तर गळ्याची सोनोग्राफी करावी. वय ३५ किंवा जास्त असेल तर ही मर्यादा दीड सेंटिमीटर. त्याहून लहान गाठीसाठी, वर सांगितलेली संशयाची खूण नसेल तर, पुढे काही करायची गरज नाही. ज्या माणसाला दुसरा गंभीर आजार आहे आणि त्याचं आयुष्य त्यावरच अवलंबून आहे, त्याच्या थायरॉईडच्या लहान गाठीमागे लागू नये, असंही त्यात म्हटलं आहे.

हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. सत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकाराने दमलेल्या आजोबांना आठ मिलिमीटरच्या गाठीसाठी धारणीहून अमरावती आणि अमरावतीहून नागपूर असं फिरवणं हे त्यांच्यावर प्रेम नव्हे. त्या पैशात त्यांची वर्षभराची रोजची औषधं येतील.

रिपोर्ट हातात आला की आधी दोन आकडे शोधा: गाठ किती मिलिमीटरची आणि माणसाचं वय किती. १० मिलिमीटर म्हणजे १ सेंटिमीटर. '७ एमएम' वाचून रात्रभर जागणारे लोक बहुतेक 'पुढे काही करायची गरज नाही' याच गटात बसतात.

सोनोग्राफी कुठली आणि कशी

तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफी केंद्र असतं, पण अनेकदा तिथे पोट आणि गरोदरपण एवढंच काम चालतं. गळ्यासाठी वरवरचे अवयव बघणारा वेगळा, सपाट तोंडाचा प्रोब लागतो. जाण्याआधी फोन करून "गळ्याची, थायरॉईडची सोनोग्राफी करता का, आणि टायरॅड्स ग्रेड लिहून मिळेल का?" एवढं विचारावं. एसटीचा एक हेलपाटा वाचतो. उपाशी राहायची गरज नाही, पोट रिकामं नको, काही टोचत नाहीत, क्ष-किरणही नसतात.

टायरॅड्स म्हणजे गाठीला गुण देण्याची पद्धत. गाठ भरीव की पाण्याची, किती काळी, आडवी की उभी, कड कशी, चुन्याचे कण आहेत का, अशा पाच गोष्टींना गुण देऊन १ ते ५ अशी पायरी ठरते. पहिल्या दोन पायऱ्यांना सुईची गरज नसते. तिसऱ्या पायरीला गाठ अडीच सेंटिमीटर, चौथीला दीड आणि पाचवीला एक सेंटिमीटर झाली असेल तर सुईची तपासणी करतात. म्हणजे सोनोग्राफी झालेल्या प्रत्येकाला सुई लागतेच असं नाही.

"सुई टोचली की कॅन्सर पसरतो म्हणतात"

ही भीती आपल्याकडे खोलवर आहे आणि तिच्यामुळे लोक महिनोन्महिने थांबतात. थायरॉईडच्या बाबतीत ती निराधार म्हणावी इतकी किरकोळ आहे. सुईच्या वाटेने पेशी पसरल्याची उदाहरणं जगभरात अगदी मोजकी नोंदली गेली आहेत, आणि लाखो लोकांच्या गळ्यांत अशा सुया टोचल्या गेल्या आहेत. ही सुई रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक असते. सोनोग्राफीत बघत बघत ती गाठीत नेतात, थोड्या पेशी ओढतात, काचेवर पसरवतात. काम काही मिनिटांत आटोपतं आणि माणूस चालत घरी जातो. तिलाच एफएनएसी म्हणतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगावं, बाकी तयारी काही नाही. थोड्या वेळा पेशी पुरेशा येत नाहीत आणि पुन्हा टोचावं लागतं. तसं झालं म्हणजे काहीतरी वाईट आहे, असं मनात आणू नये.

निकाल बेथेस्डा पद्धतीने १ ते ६ मध्ये येतो. पहिला म्हणजे पेशी अपुऱ्या. दुसरा म्हणजे साधी गाठ, कॅन्सरची शक्यता शंभरात जेमतेम तीन-चार. सहावा म्हणजे कॅन्सर जवळपास नक्की. तिसरा-चौथा हा खरा अवघड टापू. तिथे पुन्हा सुई, किंवा गाठ असलेला अर्धा भाग काढून तपासणं, असे निर्णय तज्ज्ञासोबत बसून घ्यावे लागतात. बोंड फोडून बघितलं तरी काही वेळा नजर फसते, तसंच हे, आणि डॉक्टर इथे "नक्की सांगता येत नाही" म्हणाले तर ते प्रामाणिकपणे बोलत आहेत असं धरावं.

"टीएसएच नॉर्मल आली, मग काळजी कशाला?"

टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी ग्रंथीचं काम सांगते, गाठीचा स्वभाव सांगत नाही. थायरॉईडचा कॅन्सर झालेल्या बहुतेकांची टीएसएच नॉर्मलच असते. तरीही ती करतात, कारण टीएसएच खूप कमी आली तर गाठ स्वतःच संप्रेरक तयार करत असल्याची शक्यता असते, आणि अशी जास्त काम करणारी गाठ कॅन्सरची क्वचितच निघते. तिथे सुईऐवजी किरणोत्सारी आयोडीनचा वेगळा स्कॅन आधी करतात. घरात कोणाला थायरॉईडचा 'मेड्युलरी' प्रकारचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरला आवर्जून सांगावं. तो आनुवंशिक असू शकतो आणि त्यासाठी कॅल्सिटोनिन ही वेगळी रक्ततपासणी असते.

"कॅन्सर असेल तर लवकर सापडलेला बराच ना?"

हा आक्षेप सगळ्यात जोरकस आहे आणि तो घेणाऱ्याचं चुकत नाही. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरबद्दल आपण हेच तर सांगतो. थायरॉईडचं गणित मात्र वेगळं निघालं, आणि ते दक्षिण कोरियाने जगाला दाखवलं.

तिथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉईड तिच्या यादीत नव्हती, पण थोडे जास्तीचे पैसे भरले की दवाखाने गळ्याची सोनोग्राफीही करून देत. लोकांनी ती मोठ्या संख्येने करून घेतली. २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. एका वर्षात चाळीस हजारांवर लोकांना हा कॅन्सर असल्याचं सांगितलं गेलं. आणि त्या कॅन्सरने होणारे मृत्यू? ते वाढलेही नाहीत, घटलेही नाहीत, जिथल्या तिथे राहिले. म्हणजे सापडलेल्यातल्या बहुसंख्य गाठी अशा होत्या, ज्या न सापडत्या तरी त्या माणसाला आयुष्यभर काही झालं नसतं. शस्त्रक्रिया झालेल्या पंधरा हजारांवर लोकांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा ११ टक्क्यांच्या शरीरात कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी बिघडलेल्या आढळल्या आणि २ टक्क्यांच्या स्वरतंतूंना लकवा झालेला होता. पूर्ण ग्रंथी काढलेल्याला जन्मभर रोज थायरॉक्सिनची गोळी लागते, ती वेगळी. २०१४ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झाल्यावर कोरियात अशा शस्त्रक्रिया झपाट्याने कमी झाल्या. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटाने २०१७ मध्ये सांगितलं, की कोणताही त्रास नसलेल्या प्रौढांची थायरॉईड कॅन्सरसाठी सरसकट तपासणी करू नये.

जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयाने तर १९९३ पासूनच वेगळी वाट धरली होती. एक सेंटिमीटर किंवा त्याहून लहान पॅपिलरी कॅन्सर नक्की झाला, तरी ज्यांची तयारी होती त्यांना न कापता सोनोग्राफीने लक्ष ठेवलं. दहा वर्षांत सुमारे ८ टक्के लोकांची गाठ ३ मिलिमीटर किंवा अधिक वाढली आणि सुमारे ४ टक्क्यांच्या मानेत पसरली. त्यांची नंतर शस्त्रक्रिया केली आणि उशीर झाल्याने त्यांचं नुकसान झालं नाही. वयस्कर माणसांत तर वाढ आणखी कमी दिसली. आणि शस्त्रक्रिया करावी लागली तरी, गळ्यापुरता मर्यादित पॅपिलरी कॅन्सर असलेले ९९ टक्क्यांहून जास्त लोक पाच वर्षांनीही त्यातून सुखरूप असतात, असं अमेरिकेच्या नोंदी सांगतात.

पण कोरियाचा धडा विदर्भाच्या खेड्याला जसाच्या तसा लावू नये. तिथे अति-तपासणीने घात झाला. आपल्याकडे एकाच जिल्ह्यात दोन्ही टोकं नांदतात. सात मिलिमीटरच्या गाठीसाठी कर्ज काढणारा माणूस इथेच असतो आणि गळ्यावर दहा वर्षं वाढलेली गाठ पदराखाली झाकणारी मायही इथेच असते.

"पुन्हा सिटी काढून बघू का?"

लक्ष ठेवण्यासाठी सिटी वापरू नये. छातीच्या एका सिटीत साधारण दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्साराइतका मारा होतो. गरज असेल तेव्हा तो योग्यच, पण जी गोष्ट सोनोग्राफीत जास्त स्वच्छ आणि कमी पैशात दिसते तिच्यासाठी तो कशाला घ्यायचा? साधी गाठ ठरली तर एक-दोन वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी, एवढं सहसा पुरतं. सिटीमध्ये टोचतात त्या कॉन्ट्रास्टमध्येही आयोडीन असतं. गाठी असलेल्या ग्रंथीला त्याने अचानक जास्त काम करायला लावण्याची शक्यता असते, आणि पुढे किरणोत्सारी आयोडीनचा उपचार लागलाच तर तो काही आठवडे पुढे ढकलावा लागतो. म्हणून सिटीआधी थायरॉईडचा आजार असेल तर सांगायलाच हवं.

दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरून गाठीतलं आयोडीन मोजणारे सिटी, चित्रातले बारीक पोत संगणकाकडून वाचून घेण्याचे प्रयत्न, यांवर बरंच संशोधन चालू आहे. काही निकाल उमेद वाटावी असे आहेत. अजून तरी त्यांच्या भरवशावर कोणी सुई टाळत नाही.

कागद, सीडी आणि कुठे जायचं

पुढच्या डॉक्टरकडे जाताना नुसता टाइप केलेला रिपोर्ट नेऊ नका. सिटीच्या फिल्म आणि सीडी दोन्ही न्या. सीडी दिली नसेल तर केंद्रावरून मागून घ्या. ती नसली की कित्येकदा तोच सिटी पुन्हा काढावा लागतो. आधी कधी मानेवर किरणोपचार झाले असतील, विशेषतः लहानपणी, तर तो कागदही जोडा.

सोनोग्राफी आणि सुई या दोन्ही तपासण्यांसाठी मुंबई गाठायची गरज नाही. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली वैद्यकीय महाविद्यालयं, यांपैकी जे जवळ असेल तिथे कान-नाक-घसा किंवा सर्जरीच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवावं. कॅन्सर ठरलाच तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावं. उपचाराआधी घरातलं काही विकू नये.

ज्यांनी थांबू नये

आवाज घोगरा होऊन तीन आठवड्यांवर गेला, घास अडकतो, आडवं झालं की दम कोंडतो, मानेत दुसरी टणक गाठ हाताला लागते, किंवा वर्षानुवर्षं जशीच्या तशी असलेली गाठ महिन्या-दोन महिन्यांत भराभर वाढते, अशा माणसाला वर सांगितलेलं वय-आकाराचं गणित लागू नाही. जुना गलगंड असलेल्या म्हाताऱ्या माणसांत अशी अचानक वाढ म्हणजे थायरॉईडचा सगळ्यात घातक, ॲनाप्लास्टिक प्रकार असू शकतो, आणि तिथे दिवस मोजावे लागतात. वेचणी आटोपू दे, लग्न उरकू दे, असं म्हणून ही गाठ थांबत नाही. छातीच्या हाडामागे उतरलेला गलगंडही असाच: वरून लहान दिसतो आणि आतून श्वासनळी दाबतो, तिथे सोनोग्राफीच्या लहरी हाडापलीकडे पोचतच नाहीत. या रुग्णांसाठी सिटी स्कॅन खरोखर कामाचा आहे. गाठ किती खोल गेली, श्वासनळी किती अरुंद झाली, मोठ्या रक्तवाहिन्या वेढल्या आहेत का, हे सर्जनला चाकू उचलण्याआधी तोच दाखवतो, आणि तो त्याच आठवड्यात व्हायला हवा.